माझ्या दहावीसाठी मागणं

आई चौंडेश्वरी,

तुझा भावईचा उत्सव आटोपला, पाहुणे आपापल्या गावी गेले, गर्दी ओसरली, म्हणून आज तुझ्यापुढं निवांत उभी राहता आलं. माझ्या पदरात दहावीचा वर्ग आहे. गणित मीच शिकवते, वर्गशिक्षिकाही मीच. अमुक टक्के पडले तर साडीचोळी, तमुक पडले तर नारळाचं तोरण, असे नवस आता मार्चपर्यंत तुझ्याकडं येत राहतील. मी टक्के मागायला आलेली नाही. माझ्या प्रत्येक पोराला त्याच्या मापाचं ध्येय सापडू दे, एवढं मागते. आज तो जिथं उभा आहे, तिथून मोजलेलं.

कारण आत्ता त्यांची मापं चौकातल्या फ्लेक्सवरून ठरतात, आई. निकाल लागला की एसटी स्टँडपासून फ्लेक्स चढतात. मधे पोराचा फोटो, खाली ठळक आकडा, भोवती अभिनंदन करणाऱ्यांचे चेहरे. त्या पोरांचं मला कौतुकच आहे, राबलेली असतात ती. पण खालून सायकलवर जाणारं नववीचं पोर तो आकडा डोळ्यांत भरून घेतं आणि घरी जाऊन भिंतीवर चिकटवतं. तो आकडा कसा तयार होतो, हे त्याला कुणी सांगत नाही. परीक्षा सहा विषयांची, ६०० गुणांची. टक्केवारी मात्र २०१० पासून सर्वांत चांगल्या पाच विषयांवर, म्हणजे ५०० वर काढतात. वर चित्रकलेचे, खेळाचे, लोककलेचे वाढीव गुण. म्हणून तर कुणाकुणाला शंभराला शंभर टक्के दिसतात. कुणाचं यश यानं कमी होत नाही, पण आकडा उलगडून दाखवला की त्याचा धाक उतरतो. धडे संपवायच्या घाईतसुद्धा हे एकदा फळ्यावर मांडायला मला तासभर काढता येऊ दे.

गेल्या आठवड्यात मी वर्गाला कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. नाव घालू नका म्हटलं. बोर्डात किती गुण मिळवायचे ठरवलंय, तेवढं लिहा. बहुतेक चिठ्ठ्यांवर नव्वदच्या पुढचंच काहीतरी होतं. एकीवर मात्र खाडाखोड होती. आधी निळ्या पेनानं लिहिलं होतं, 'गणितात ३५'. मग ते काळ्या पेनानं इतकं गिरवून खोडलं होतं की कागद मागून उमटला होता, आणि शेजारी मोठ्या अक्षरात ९०. अक्षर मी ओळखते. ही पोर शाळेतून गेल्यावर आईबरोबर भांगलायला जाते, आणि चाचणीत वीसपैकी पाचाच्या पुढं सरकलेली नाही. वर्गात सगळ्यांत खरं बोललेलं वाक्य तेच होतं, आणि तिला त्याचीच लाज वाटली.

आई, ती लाज तेवढी काढून घे. पस्तीस हे तिच्यासाठी छोटं ध्येय नाही. आज ती जिथं आहे तिथून ती मोठी चढण आहे. मी तिच्यासाठी वाट काढून ठेवली आहे. २० गुण शाळेच्या मूल्यमापनाचे, ते वेळेवर गृहपाठ करून, चाचणी देऊन तिला चांगले मिळवता येतील. उरलेल्या ८० पैकी ४० बीजगणिताचे, ४० भूमितीचे. बीजगणितात आधी सांख्यिकी आणि संभाव्यता. मग अर्थनियोजन, कारण जीएसटीचं बिल तिनं खताच्या दुकानात हातात घेतलेलं आहे, ते तिला परकं नाही. भूमितीत रचना, तिचा हात स्थिर आहे, कंपास धरली की रेघ हलत नाही. वर्गसमीकरणं दिवाळीनंतर बघू. एवढ्यावर ती पार होते. पार झाल्यावर तिचं तिलाच पुढचं मागावंसं वाटेल, तेव्हा आकडा वाढवू. ती खोडलेली चिठ्ठी माझ्याकडं आहे. ती तिच्यापुढं कशी ठेवायची, तिचा मान राखून, हे मला सुचव.

पण झेपेल तेवढं म्हणजे कमीच, असं मी पोरांना शिकवत बसले, तर तेही तुला रुचणार नाही. दुसऱ्या एका चिठ्ठीवर ६० लिहिलं होतं. ज्यानं लिहिलं, तो प्रमेयं पाठ करत नाही. खडू हातात घेतो आणि फळ्यापुढं उभा राहून पायरीपायरीनं शोधून काढतो. समरूपतेच्या धड्याला त्यानं मला एक सिद्धता माझ्या वहीतल्यापेक्षा सरळ करून दाखवली. त्याला ऐंशीच्या वर कुठंही जाता येईल. मग साठ का? बाहेर बोलावून विचारलं तर म्हणाला, "जास्त पडलं की सायन्सला घाला म्हणतील, मॅडम. मग क्लास, मग सांगलीला जायला-यायला. घरात कुणाला परवडतंय?" त्यानं स्वतःची ताकद मोजलीच नव्हती, घरातले पैसे मोजले होते. आई, या पोराचं ध्येय वर ओढायला बळ दे. शिष्यवृत्त्यांचे अर्ज, दहावीनंतरचं तंत्रनिकेतन, आपल्या गावातच उभं असलेलं इंजिनिअरिंग कॉलेज, हे सगळं त्याच्या बापापुढं नीट मांडायला मला शब्द दे. आणि ज्या पोरींचं ध्येय 'दहावीपर्यंत शिकू दिलं तरी बास' इथंच अडतं, त्यांच्या घरच्यांना सांगायला माझी जीभ अडखळू देऊ नकोस, की एसटीचा पास पोरींना बारावीपर्यंत फुकट आहे, लांबचं कारण सांगू नका.

बापांविषयीही मागायचंय. तुझ्या गावातल्या ऊस पिकवणाऱ्या माणसाला ध्येय कसं धरायचं हे शिकवायला नको. एकरी शंभर टन काढणारे शेतकरी याच शिवारात आहेत, आणि त्यांच्या बांधावर जाऊन बघून आलेलेही पुष्कळ. पण शंभर टनाची गोष्ट ऐकून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी क्षारपड रानात शंभर टनाचा हिशेब मांडत नाही. आधी माती तपासून आणतो. सामू किती, क्षार किती, सेंद्रिय कर्ब किती, ते बघतो. चर काढतो, पाईप पुरून पाण्याला वाट करून देतो, ताग-धैंचा गाडतो. पहिल्या साली तीस-पस्तीस टन निघाले तरी 'रान सुधारायला लागलं' म्हणतो. आडसालीचा हिशेब वेगळा धरतो, खोडव्याचा वेगळा. हाच माणूस पालकसभेला येतो, नववीत पंचेचाळीस टक्के पडलेल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "मॅडम, नव्वदच्या खाली न्हाई आलं पाहिजे बघा." त्याच्या शर्टाच्या खिशात त्या दिवशीसुद्धा माती परीक्षणाचा कागद असतो. पोरावर त्याची माया नाही असं कसं म्हणू? दोन वेळचं सोडून सगळं त्या पोरासाठीच चाललंय. फक्त रानाला लावतो ती नजर त्याला पोराला लावू दे. नववीची गुणपत्रिका त्याला त्या कागदासारखी वाचता येऊ दे. कुठं काय कमी आहे ते कळावं, त्यावर उपाय व्हावा. 'हे रान वाया गेलं' असं म्हणून त्यानं पोराकडं पाठ फिरवू नये.

पोरांच्या वेळापत्रकांवरही तुझा हात असू दे. ती मोबाईलवरून उतरवून घेतात. पहाटे चारला उठणे, रात्री अकराला झोपणे, मधे प्रत्येक तासाला एक विषय. ज्यानं ते बनवलं, त्याच्या घरी शेतीची लाईट रात्रीची येत नसावी. इथं ज्या आठवड्यात रात्रपाळीची लाईट, त्या आठवड्यात पोर बापाबरोबर दारं धरायला रानात असतं; पहाटे चारला ते घरी येऊन आडवं होतं. तोड आली की दोन-तीन दिवस घरातलं कुणी घरात नसतं, गुरांसाठी वाडं आणायला पोरंच जातात. आणि हळदीची काढणी, शिजवणी नेमकी फेब्रुवारी-मार्चात, बोर्डाच्या तोंडावर. तीन दिवस वेळापत्रक मोडलं की पोर म्हणतं, आपल्याच्यानं होत नाही, आणि वहीच मिटतं. आई, त्यांना मोडलं तरी पुन्हा जोडता येईल असं वेळापत्रक करू दे. लाईटचा आठवडा धरून केलेलं, तोडीचे दिवस सोडून ठेवलेलं. आणि शक्य असेल तर त्या एका वर्षापुरतं दारं धरायला दुसरं कुणीतरी जाऊ दे.

टक्के पोराच्या हातात नसतात. पेपर कुणी काढला, त्या दिवशी ताप आला का, तपासणाऱ्याचा हात कसा, यातलं काहीच त्याच्या ताब्यात नाही. या आठवड्यात श्रेढीची दहा उदाहरणं गाईड न उघडता करायची, हे मात्र आहे. माझ्या वर्गात एकजण प्रत्येक वेळी श्रेढीच्या सूत्रातला एक वजा करायचा विसरतो. पद्धत बरोबर, गुणाकार बरोबर, उत्तर चूक. मग डोकं धरून बसतो आणि म्हणतो, मला गणित येत नाही. त्याला गणित येतं. त्याला तो एक वजा करायचा आहे. या महिन्याचं त्याचं ध्येय तेवढंच असू दे, आणि ते जमलं की त्याला ते जमल्याचं कळू दे.

आपल्याच तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे कर्मवीर भाऊराव स्वतः मॅट्रिक झाले नव्हते, आणि १९१९ साली काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वाटेगावच्या अण्णाभाऊंना शाळा जवळजवळ मिळालीच नाही. ही नावं घेऊन पोरांना स्वस्त दिलासा द्यायचा मोह होतो, तो मला होऊ देऊ नकोस. 'ते कुठं शिकले होते?' असं म्हणून पुस्तक मिटणाऱ्या पोरानं त्यांचं अर्धंच ऐकलेलं असतं. ज्या शाळेचं दार त्यांना नीट उघडलं नाही, ते आमच्या पोरांना उघडं मिळावं म्हणून कर्मवीर गावोगाव फिरले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. त्यांच्या नावानं मागायचंच असेल तर त्यांचं न थकणं मागते, माझ्यासाठीसुद्धा.

निकालाच्या दिवशी, आई, तू घरोघर जा. दुपारी एकला मोबाईलवर आकडा दिसेल. त्या घटकेला कुठल्याही पोराच्या खोलीचं दार आतून बंद होऊ नये. कुणी बोलायला जवळ नसेल तर आजी तरी असू दे. 'शेजारच्याला किती?' हा प्रश्न त्या दिवशी कुणाच्याही तोंडून निघू देऊ नकोस, माझ्या तर नकोच.

आणि इतकं करूनही कुणी एक-दोन विषयांत राहील, तर त्याला पुढचं लगेच कळू दे. दोन विषयांपर्यंत राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळतो. २०१५ पासून त्याच वर्षी पावसाळ्यात पुरवणी परीक्षा होते, वर्ष वाया जात नाही. हे कागदावर सगळ्यांना ठाऊक आहे. पण अर्ज भरायला शाळेत यायचं म्हणजे पुढं गेलेल्या सोबत्यांच्या देखत यायचं. तिथंच पोरं फाटकातून मागं फिरतात. त्या दिवशी त्याच्या बापाला रान सोडून त्याच्याबरोबर येऊ दे. बाप आला नाही तर मला ऑफिसच्या खिडकीपाशी हजर ठेव. अर्ज मी भरून घेईन, आणि राहिलेल्या विषयाच्या शिकवणीची वेळ तिथंच ठरवून त्याला घरी पाठवीन.