ज्याचा वाटा त्याला

मुंबईतल्या मढच्या किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांवर बोंबील टांगलेले असतात, आणि त्यांच्या आडोशाला एखादे मांजर बसलेले असते. ते कोणाचे? कोणाचेच नाही. आणि तरीही, पावसाळ्यात होड्या वर ओढून घेतल्यावर, आडोशाला रचलेली डोल जाळी उंदरांनी कुरतडू नयेत ही जबाबदारी, कोणाच्याही हुकुमावाचून, ज्याने अंगावर घेतलेली असते, त्याला तेथे परके कोण म्हणेल? मासळी निवडता निवडता कोळीण एखादी मांदेली त्याच्यापुढे टाकते. ज्याचा वाटा त्याला.

लंडनच्या टपाल खात्याने तर 1868 साली मनीऑर्डर कचेरीत उंदरांच्या बंदोबस्तासाठी रीतसर मांजरे नेमली, आणि त्यांच्या खुराकापोटी आठवड्याला एक शिलिंग सरकारी तिजोरीतून मंजूर केला. उरलेले पोट त्यांनी उंदरांवर भरावे, असा हिशेब. साहेबाची काटकसर, दुसरे काय! पण दफ्तरी नोंद तरी झाली.

आपण कचेरीत, गुदामात, दुकानात मांजर ठेवतो ते कामापुरते. आणि उंदीर सरले, की तेच मांजर पोत्यात घालून दूर सोडून येणारे हातही आपलेच असतात. उपयोग संपल्यावर आपण कसे वागतो, यावरून आपली नियत कळते. मांजराशी तसे वागणारा माणूस उद्या वृद्ध पहारेकऱ्याशीही तसाच वागेल. ज्याचा वाटा त्याला, श्रोतेहो.

आज कामावर पोहोचलात, की कोपऱ्यातली मांजराची वाटी पाहा. कोरडी असेल, तर तीत पाणी घाला.