लहान काम, पूर्ण मन

काम लहान असेल, तर त्यासाठी द्यायचे मनही लहान असावे का? हा प्रश्न विचारला तर आपण सगळेच 'नाही' म्हणू. पण दिवसभरातील आपले वागणे पाहिले तर उत्तर वेगळेच दिसते. 'एवढ्याशा गोष्टीकडे कोण बघणार आहे?' असे म्हणून आपण किती कामे उरकून टाकतो! याचा विचार करण्यासाठी एक अगदी छोटी वस्तू समोर ठेवू या : बाहुलीघराच्या भिंतीवर टांगायच्या चित्राची चौकट.

बाहुलीघरे बहुधा एकास बारा या प्रमाणात बनवतात. म्हणजे खऱ्या घरातील एक फूट तेथे एक इंच होतो. तीस सेंटीमीटरची चौकट अडीच सेंटीमीटरची होते. आता तिच्या कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर ती किती मोठी? पट्टीवर अर्धा मिलिमीटरच. पण त्या घराच्या मापाने सहा मिलिमीटर! वाणिज्य शाखेत हिशेब तपासायला शिकताना हेच सांगितले जाते. पाच हजार रुपयांचा फरक मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात नगण्य ठरेल, पण छोट्या किराणा दुकानाच्या वहीत तो नगण्य नसतो. चूक किती मोठी आहे, हे ती कशात झाली यावर ठरते.

चौकटीला चार बाजू, चार कोपरे आणि आठ काप असतात. प्रत्येक काप ४५ अंशांचा हवा. समजा, प्रत्येक कापात एकच अंश कमी पडला. पहिले तीन कोपरे गोंदाने नीट जुळतात, कोणाला काही कळतही नाही. चौथ्या कोपऱ्यात मात्र आठ अंशांची फट उघडी पडते. तेव्हा आपण चौथ्या कोपऱ्याला दोष देतो. खरे तर त्यात सगळ्या कोपऱ्यांचा वाटा असतो. आपल्या स्वभावाचेही असेच नाही का? संध्याकाळी एखाद्यावर उसळलेला राग बहुधा संध्याकाळचा नसतो. सकाळपासूनच्या लहानसहान बेसावधपणाची ती बेरीज असते.

इंग्लंडमधील विंडसर किल्ल्यात राणी मेरी यांचे बाहुलीघर आहे. १९२१ ते १९२४ या काळात सुमारे १,५०० कलाकार आणि कारागिरांच्या हातून ते घडले. त्यात विजेचे दिवे आहेत, नळाला पाणी येते आणि भिंतींवर त्या काळच्या नामवंत चित्रकारांनी काढलेली इवलीशी चित्रे आहेत. त्याचे वास्तुरचनाकार होते एडविन लुटियन्स. त्याच वर्षांत ते दिल्लीत ३४० खोल्यांचा प्रासाद उभारत होते. तेच आजचे राष्ट्रपती भवन. एकाच माणसापुढे इतकी मोठी आणि इतकी छोटी अशी दोन घरे एकाच वेळी होती. घराचे माप बाराव्या हिश्श्यावर आले, म्हणून कामातील काळजी बाराव्या हिश्श्यावर आणता येत नाही.

येथे कोणी विचारेल, 'खेळण्यासाठी एवढा आटापिटा म्हणजे आसक्तीच नव्हे का?' प्रश्न योग्य आहे. एखादी आई पुठ्ठ्याची पट्टी कापून त्यात जुने टपाल तिकीट चिकटवते आणि मुलीच्या बाहुलीघरात टांगते. त्या चौकटीला किल्ल्यातील कारागिरी नसते. पण मुलीच्या बोटाला टोचू नये म्हणून आई तिच्या कडा घासून गुळगुळीत करते, तेव्हा ती चौकट पूर्ण असते. साधेपणा आणि निष्काळजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधेपणात वस्तू कमी असते, पण मन पूर्ण असते. आणि 'लोकांनी वाहवा करावी' म्हणून केलेल्या अतिकुशल कामात वस्तू परिपूर्ण असली, तरी मन कामात नसते, प्रेक्षकांत असते.

म्हणून कामाचे मोल त्याच्या आकारावर मोजू नये आणि पाहणाऱ्यांच्या संख्येवर तर नाहीच. पाण्याचा पेला कोणापुढे ठेवणे, वहीत एक आकडा लिहिणे, घरातल्या वृद्धांच्या एका प्रश्नाला उत्तर देणे, ही आपल्या दिवसाच्या चौकटीतील छोटी छोटी कापेच आहेत. आज यांपैकी एक काम निवडावे आणि कोणी पाहत नसतानाही ते पूर्ण मनाने करून पाहावे.