स्वर्गात ती कुणाची?

सदूकी पंथाच्या लोकांनी येशूला एकदा पेचात धरलं. एका बाईला एकामागून एक सात सख्ख्या भावांशी लग्न करावं लागलं. सातही मेले, शेवटी तीही मेली. मग पुनरुत्थानानंतर ती कुणाची बायको? तिथे लग्नच नसतं, असं येशूने सांगितलं. विचारणारे पुनरुत्थान मानतच नव्हते, म्हणजे प्रश्न निव्वळ खोडसाळ. पण २०१६ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘ब्लॅक मिरर’च्या ‘सान जुनिपेरो’ या भागात तो एका बाईला खरोखरच सोडवावा लागतो.

केली आणि यॉर्की भेटतात १९८७ सालच्या एका समुद्रकाठच्या गावात. गाव संगणकातलं आहे. म्हातारी, आजारी माणसं आठवड्याला पाच तास तिथे तरुण होऊन हिंडतात, आणि मरताना वाटलं तर कायमची राहायला जातात. आपल्याकडचा स्वर्ग पुण्य संपेपर्यंतच. इथे मुक्काम किती, ते राहणाऱ्याने ठरवायचं.

यॉर्कीने एकविसाव्या वर्षी आईवडिलांना आपण लेस्बियन असल्याचं सांगितलं. त्याच रात्री तिच्या गाडीला अपघात झाला आणि पुढची चाळीसेक वर्षं अंथरुणात गेली. तिला मरून कायमचं त्या गावात जायचंय, पण घरचे धार्मिक, इच्छामरणाच्या कागदावर सही करायला तयार नाहीत. जोडीदाराची सही चालते, म्हणून केली तिच्याशी लग्न करते. येशूच्या स्वर्गात लग्नाला जागा नाही; या स्वर्गात यॉर्कीला लग्नावाचून प्रवेश नाही.

केली मात्र उभयलैंगिक आहे, आणि खरी गाठ तिथेच आहे. रिचर्डशी तिचा संसार एकोणपन्नास वर्षांचा. मुलगी एकोणचाळिसाव्या वर्षी वारली, तेव्हा हे यंत्र नव्हतं. जिथे मुलगी नाही तिथे जायचं नाही, म्हणून रिचर्डने ते नाकारलं. ती दोघं आता कुठेतरी असतील यावर केलीचा विश्वास नाही. तरी त्यांना सोडून जाणं तिला बेइमानी वाटतं. अशा गोष्टींत सहसा जुनं लग्न तरी खोटं निघतं, नाहीतर नवं प्रेम. लेखक चार्ली ब्रूकर दोन्ही खरी ठेवतात.

२०१६च्याच मार्चमध्ये ‘द हंड्रेड’ मालिकेत लेक्साला तिची प्रेयसी क्लार्क हिच्या मिठीतून निघताच गोळी लागून मरण आलं होतं. समलिंगी बायकांना मारून टाकण्याच्या मालिकांच्या या खोडीवर प्रेक्षक भडकले होते. त्यामुळे ‘सान जुनिपेरो’चा सुखांत अनेकांना भरपाईसारखा वाटला, पुढच्या वर्षी दोन एमीही मिळाले. सुखांत खराच, फक्त त्यासाठी दोघींना मरावं लागतं.

शेवटी केली तिथे जाते. तिचं मन का पालटलं, हे कथा दाखवतच नाही. गाणं वाजतं आणि गाडी धावते. ही पळवाटच म्हणायची, कारण त्याआधीचं दोघींचं भांडण फार प्रामाणिक आहे. देह मात्र रिचर्ड आणि मुलीशेजारी पुरला जातो. आता यंत्रात गेली ती केली, की तिची नक्कल? नक्कल असेल, तर केलीने रिचर्डला दगा दिलाच नाही. पण मग यॉर्कीच्या शेजारी गाडीत बसलीय ती कोण, आणि तिचं लग्न कुणाशी झालं होतं?