काढून बघितलं, काही बिघडलं नाही

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक जुनं फंक्शन उडवलं. ते कुठे वापरलेलं दिसत नव्हतं. सगळ्या टेस्ट पास झाल्या, कोड प्रॉडक्शनला गेला. मार्चअखेरीला कळलं की ते वर्षातून एकदाच चालायचं, ज्येष्ठ नागरिकांच्या व्याजाचा हिशेब करायला.

पुढे आजीला अल्झायमर झाल्याचं कळलं. रात्री मोबाइलवर त्याबद्दल वाचताना मला माझीच चूक आठवली. फक्त तिथे कोडच्या जागी उंदीर होते.

प्रोटिएज म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइम्स, शरीरातल्या कात्र्याच म्हणा. त्यातली ‘बेस-१’ ही कात्री मेंदूतलं एक मोठं प्रथिन कापते. त्यातून पुढे अमायलॉइडचे तुकडे तयार होतात आणि अल्झायमरमध्ये ते साचतात. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांमधलं या कात्रीचं जनुक बंद केलं. अमायलॉइड बनणं जवळजवळ थांबलं. उंदीर जगले, त्यांना पिल्लं झाली, वरवर सगळं ठणठणीत.

२००६ मध्ये दिसलं की अशा उंदरांच्या मेंदूबाहेरच्या नसांवरचं मायलिनचं आवरण पातळ राहतं. ते आवरण घडवण्यातही याच कात्रीचा हात होता. पुढे तिला अडवणारी औषधं माणसांपर्यंत आली आणि २०१७ ते २०१९ या काळात त्यांच्या चाचण्या एकामागून एक थांबल्या. काही चाचण्यांत तर औषध घेणाऱ्यांची आकलनशक्ती न घेणाऱ्यांपेक्षा थोडी जास्तच घसरली.

‘उंदरांनी आधीच सांगितलं होतं’ असं म्हणणं सोपं आहे, पण तेही पूर्ण खरं नाही. उंदरात जनुक जन्माच्या आधीपासून बंद होतं. माणसांना औषध मिळालं ते उतारवयात. दोन्ही प्रयोग एकच नव्हेत.

मग हे उंदीर वाया गेले का? असे प्रयोगच चुकीचे, असं मला म्हणता येत नाही. आजी मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारते तेव्हा तर अजिबात नाही. उद्या खरं औषध निघालं, तर ते उंदरांवर तपासलं होतं का, हे विचारत मी थांबणार नाही. म्हणजे या व्यवहारात मीही आहे.

पण व्यवहार आहे तर देणंही आहे. माझ्या चुकीनंतर लोकांनी तक्रारी केल्या, म्हणून ती कळली. उंदीर तक्रार करत नाही. त्याचं दुखणं कोणी शोधलं, तरच ते असतं. ‘काही बिघडलं नाही’ या वाक्याचा अर्थ बहुतेकदा एवढाच असतो, की आपण जिथे पाहिलं तिथे काही दिसलं नाही. ज्याच्या शरीरातून आपण काहीतरी काढून घेतलं, त्याच्याकडे निदान पुन्हा एकदा नीट पाहणं, एवढं तरी आपण त्याला लागतो.

आता कोड उडवण्याआधी मी एक मार्च जाऊ देतो.