जस्ताची बादली

विदर्भातल्या एका गावात एका शेतकऱ्याची संत्र्याची बाग होती. वडिलांनी लावलेली, विहिरीच्या पाण्यावर वाढलेली. एका पावसाळ्यात झाडांना नवती आली, पण पिवळट. पानं बारीक, अरुंद, शेंड्याशी दाटीवाटीनं उभी राहिलेली.

शेजारी म्हणाला, "रोग पडला. फवारून टाक." शेतकऱ्यानं औषध आणून फवारलं. फरक पडला नाही. दुसरा म्हणाला, "झाडं उपाशी आहेत. खत वाढव." त्यानं प्रत्येक आळ्यात दुप्पट डीएपी घातलं. पुढची नवती आधीपेक्षाही बारीक निघाली.

बायको रोज आळ्यांतलं तण काढायची. एकदा ती म्हणाली, "अहो, जुनी पानं हिरवीगार आहेत. नवीच तेवढी पिवळी येतायत." शेतकऱ्याच्या डोक्यात उधारीचा हिशेब चालू होता. त्यानं ऐकलं आणि सोडून दिलं.

शेवटी तो कलमं बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेला. जाताना एक फांदी तोडून घेतली आणि आळ्यातली माती बादलीत भरून नेली.

म्हाताऱ्यानं फांदी हातात घेऊन विचारलं, "पिवळेपणा आधी कुठल्या पानांवर आला?"

"नव्या. बायको म्हणत होती, जुनी हिरवीच आहेत."

"मग अर्धं निदान तिनंच केलंय. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं, म्हणून आधी जुनी पिवळी पडतात. जस्त तसं सहजी हलत नाही. त्याचा तुटवडा पडला की नवी पानंच उपाशी राहतात."

"पण आजोबा, लोह कमी असलं तरी नवीच पिवळी होतात ना?"

"होतात. तेव्हा पानाचा आकार फारसा घटत नाही आणि हिरव्या शिरांची बारीक जाळी दिसते. आता तुझं पान बघ." म्हाताऱ्यानं पान उन्हात धरलं. शिरांच्या कडेनं हिरवं, मधल्या जागेत पिवळे डाग. बोटभर शेंड्यावर पाच पानं दाटली होती. "हे जस्ताचं लक्षण. पण नुसत्या डोळ्यांवर जाऊ नये. माती तपासून घे."

शेतकऱ्यानं बादली पुढे केली. म्हाताऱ्यानं ती उचलली आणि माती बांधावर ओतून दिली.

"आजोबा, हे काय?"

"बादली पत्र्याची आहे, वर जस्ताचा मुलामा. तिचं जस्त मातीत उतरेल आणि कागदावर सगळं ठीक दिसेल. प्लास्टिकच्या घमेल्यात आण. एकाच झाडाखालची नको, बागेत फिरून दहा-बारा ठिकाणची घे."

पुढे अहवाल आला. किलोभर मातीत उपलब्ध जस्त निदान ०.६ मिलिग्रॅम हवं, तिथं ०.३ होतं. जमीन चुनखडीची, सामू ८.२. आणि स्फुरद मात्र भरपूर. डीएपीतल्या स्फुरदानं जस्ताची वाट आणखीच अडवली होती.

"अजून एक साक्ष काढू," म्हातारा म्हणाला. १०० लिटर पाण्यासाठी ५०० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५० ग्रॅम विरवलेला चुना, दोन्ही वेगवेगळे कालवून, एकत्र करून, गाळून घेतले. पुढची नवती कोवळी असतानाच झाडांच्या एका ओळीवर फवारणी केली. शेजारची ओळ तशीच ठेवली.

ती नवती वाढली तेव्हा फवारलेल्या ओळीत पानं रुंद आणि हिरवी होती, शेजारी पूर्वीसारखीच पिवळी. बायकोनं दोन्हींकडची पानं तोडून नवऱ्याच्या हातावर ठेवली. मग साऱ्या बागेवर फवारणी झाली. त्या वर्षी डीएपी बंद राहिलं आणि आळ्यांत शेणखत पडलं.

घरातलं कुणी कोमेजलं की आपणही हाताशी असेल ते द्यायला धावतो. कुणी पैसे देतं, कुणी सल्ला, कुणी शिस्त. माया खरी असते, पण काय उणं आहे ते न पाहता दिलेलं पुष्कळ कधी कधी ती उणीवच वाढवतं. म्हणून आधी रोज जवळ असणाऱ्याचं बोलणं ऐकावं. अंदाज बांधला तरी तो पडताळून घ्यावा, आणि पडताळताना त्यात आपल्या पदरचं काही मिसळू देऊ नये. एवढं केलं की मग थोडकं दिलेलंही पुरतं.