एकच कादंबरी का?

सांताक्रूझच्या गोळीबार वस्तीत आम्ही राहत होतो तेव्हा माझे वाचन सुरू झाले ते बाबुराव अर्नाळकरांपासून. भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानातून एक आणायचे, रात्री संपवायचे, सकाळी परत करायचे. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आठवतो, काळापहाड आठवतो. पण कोणती गोष्ट कोणत्या पुस्तकातली, हे आज सांगता येणार नाही. अब्बांचेही तसेच. ते उर्दूत इब्ने सफी वाचायचे.

पुढे हमीद दलवाईंची १९६५ सालची ‘इंधन’ हाती आली. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला माणूस आणि त्याच्या डोळ्यांदेखत पेटत जाणारे गाव. ती मी अजून विसरलो नाही. दलवाईंच्या सामाजिक मतांशी आपल्यातल्या अनेकांचे पटले नाही. तो वाद इथे नको. १९७७ साली, पंचेचाळिशीही न गाठता ते गेले. मागे कथा राहिल्या आणि ही एकच कादंबरी.

तेव्हापासून मी ऐटीत सांगत आलो, थोडे लिहावे पण कसदार लिहावे. हजार पुस्तकांपेक्षा एक ‘इंधन’ पुरे.

आता वाटते, पुरे कशी? मराठी कादंबरीत मुसलमानाचे घर इतके क्वचित दिसते की जे दिसते त्यालाच आपण साऱ्या समाजाचा दाखला समजतो. कथेतला बाप दुष्ट निघाला की लगेच म्हणतो, ‘आपले लोक असे नसतात.’ ब्राह्मण कुटुंबावरच्या कादंबऱ्या ढीगभर आहेत, म्हणून त्यांतल्या एका लबाड काकाने कुणाची झोप उडत नाही. आपल्या एकेका पुस्तकावर मात्र अख्ख्या मोहल्ल्याचे ओझे. तिथे वाचक कथा वाचतच नाही, साक्ष तपासतो. आणि अर्नाळकरांनी रोज रात्री जागवले नसते, तर ‘इंधन’पर्यंत मी पोचलो असतो की नाही, कोण जाणे.

काही वर्षांपूर्वी भाचीने आपली पहिली कथा वाचायला दिली होती. कच्ची होती, शेवट तर अगदीच सिनेमातला. मी म्हणालो, ‘आधी चांगले वाच, मग लिही.’ तिने मान डोलावली. गेल्या ईदला तिला विचारले, ‘काही लिहितेस की नाही?’

‘नाही मामू,’ ती म्हणाली, ‘तुम्हीच सांगितलं होतं ना, आधी वाच म्हणून. वाचतेय.’

शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात देऊन ती आत गेली.