आधी तो पेपर मागे घे

तुझी बढतीच्या प्लेसमेंटची फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. शिफारसपत्र मी देणार नाही. का, ते तोंडावर सांगतो, कारण तुला मीच शिकवलंय.

ज्या पेपरचा एवढा गाजावाजा करतोस, त्याला अकरा सायटेशन. सगळी उघडून बघितली. चार तुझ्याच दुसऱ्या पेपरांतली. सहा तुझ्या तीन मित्रांची, आणि त्यांना तूही तेवढीच परत केलेली. उरलेल्या एकानं तुझं नाव भलत्याच मुद्द्याखाली टाकलंय. लग्नातल्या आहेराच्या वहीसारखा हा हिशेब, आणि त्याला तू संशोधनाचा प्रभाव म्हणतोस?

एच-इंडेक्स 2005 साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं मांडला. दहा पेपरांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन असली की निर्देशांक दहा. ती कुणी दिली, का दिली, हे त्या आकड्याला कळत नाही. ते कळायला तुला डोकं दिलंय. इम्पॅक्ट फॅक्टर तर नियतकालिकांचा. त्यावरून एकेका संशोधकाची पारख करू नका, असं सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्यात जगभरच्या शास्त्रज्ञांनी बजावून ठेवलंय.

‘यादीतलंच जर्नल होतं, सर,’ हे तर मला सांगूच नकोस. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी यूजीसीच्या यादीसाठी सुचवलेली 1009 जर्नल तपासली आणि 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापले. 88 टक्क्यांहून जास्त निकषांत बसली नाहीत. ती सुचवणारे कोण होते? आपल्यासारखेच प्राध्यापक. पुढे आलेली केअर यादीही यूजीसीनं 2025 मध्ये बंद केली. आता लपायला यादीसुद्धा नाही.

एनआयआरएफच्या विद्यापीठ-क्रमवारीत संशोधनाला शंभरात तीस गुण आहेत, आकडे स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधून उचलतात, मराठीत लिहिलेलं तिथं जवळजवळ दिसत नाही. हा अन्याय आहे, आणि त्याच्याशी भांडायला मी तुझ्याबरोबर येईन. पण म्हणून पैसे भरून आठ दिवसांत पेपर छापून आणायचा?

मला खरा राग आलाय तो त्या पेपरचाच. विषय कोलाम समाजाची अस्मिता. तू राहतोस माहूरला. माहूर-किनवटच्या डोंगरात कोलामांच्या वस्त्या, त्यांची पोडं आहेत, तिथली पोरं तुझ्या वर्गात बसतात. आणि सबंध पेपरात कोलामी भाषेतला एक शब्द नाही! एका म्हाताऱ्याचं बोलणं नाही, एका पोडाचं नाव नाही. सगळं इकडून तिकडून उचललेलं. एमेनो नावाचा परदेशी माणूस वर्ध्याकडच्या कोलामांची भाषा शब्दशब्द लिहून घेतो, 1955 मध्ये तिचं व्याकरण छापतो, आणि आजही द्राविडी भाषांचा अभ्यासक ते पुस्तक उघडल्याशिवाय पुढं जात नाही. इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोन वर्षांतल्या लेखांपुरतं बघतो. सत्तर वर्षं टिकणारं काम त्याच्या हिशेबातच येत नाही. कोलामी बोलणारी माणसं समोर आहेत आणि तू हाकेच्या अंतरावर बसून मित्रांची सायटेशन मोजतोस. लाज वाटायला पाहिजे.

तर ऐक. तो पेपर मागे घेतो म्हणून संपादकाला लिही आणि त्याची प्रत मला पाठव. फाईलमधून त्याचे गुण काढ, प्लेसमेंट लांबली तर लांबू दे. दिवाळीच्या सुटीत पोडावर जा, वही घेऊन, आणि आधी तुझ्याच वर्गातल्या पोराला विचार की त्याच्या घरात आजी काय बोलते. ती वही घेऊन ये, मग पत्राचं बोलू.